बीआयएफमधलं सोनं शोधायच्या कामाला लागलात? मग निघण्याआधी हे वाचून घ्या

नागपुरात जिऑलॉजी शिकलेल्या पोराला ऑफिसं शोधत फिरावं लागत नाही, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथेच, जीएसआयचं (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) सेंट्रल रीजन सेमिनरी हिल्सवर, एमईसीएल ही खनिज शोधणारी सरकारी कंपनी पण तिथेच, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय पण नागपुरातच. पण सोन्याच्या प्रोजेक्टवर पहिल्यांदा लागलं की काय करायचं हे त्यातलं कोणीच बसवून सांगत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या ज्युनिअरचा फोन येतो, "दादा, गोल्डवर पाठवताहेत, बीआयएफ आहे म्हणे, काय वाचू?" आणि मी तेच ते अर्धा तास सांगत बसतो. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. मी स्वतः यातल्या बहुतेक चुका केल्या आहेत, त्यामुळे थोडं तिखट वाटलं तर चालवून घ्या.

बीआयएफ म्हणजे बँडेड आयर्न फॉर्मेशन, लोहयुक्त पट्टे आणि सिलिकाचे पट्टे एकावर एक. आपल्याकडे फील्डमध्ये बीएचक्यू, बीएमक्यू म्हणतात तेच, हेमॅटाइटचे पट्टे असले तर एच आणि मॅग्नेटाइटचे (म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) असले तर एम.

१. आधी डोक्यात हे बसवा: लोखंड सोनं आणत नाही, अडवतं

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. लोकांना वाटतं की लोहखडक म्हणजे सोन्याचा खडक. तसं नाही. बीआयएफ समुद्राच्या तळाशी साचला, बहुतेक २५० कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याच्याही आधी. (आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदी लेकरू.) सोनं बहुतेक ठिकाणी नंतर आलं. खोलातून भेगांमधून वर चढणारं, अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढचं गरम पाणी, त्यात गंधक विरघळलेलं आणि सोनं त्या गंधकाचा हात धरून चाललेलं. हे पाणी बीआयएफमध्ये शिरलं की मॅग्नेटाइटमधलं लोखंड गंधक ओढून घेतं आणि त्याचं पायराइट नाहीतर पायरोटाइट होतं, दोन्ही लोखंड-गंधकाची खनिजं. गंधक गेलं की सोन्याला पाण्यात राहायला आधारच उरत नाही, ते तिथेच खाली बसतं. या प्रकाराला सल्फिडेशन म्हणतात.

सोनं बीआयएफसोबतच समुद्रतळावर साचलं की नंतर आलं, यावर भूवैज्ञानिकांची खूप वर्षं भांडणं झाली, अमेरिकेतल्या होमस्टेकवरून तर फारच. त्या भांडणात पडू नका. तुमच्या कामापुरतं एवढंच लक्षात ठेवा की मैलोन् मैल बीआयएफ असेल तरी सोनं फक्त तिथे, जिथे मॅग्नेटाइट खाल्ला गेलाय. म्हणजे तुम्ही बीआयएफ शोधतच नाही आहात. तो तर टेकडीवर लांबूनच दिसतो. तुम्ही बिघडलेला बीआयएफ शोधताय.

म्हणूनच कोणी विचारलं की "सुरजागडला एवढं लोखंड आहे, मग सोनं पण असेल ना?" तर घाई करू नका. एटापल्ली तालुक्यातलं ते श्रीमंत हेमॅटाइट म्हणजे बीआयएफमधली सिलिका निघून जाऊन लोखंड वाढलेलं, ती वेगळीच प्रक्रिया. चांगलं लोहखनिज आणि चांगलं सोनं यांचा तसा थेट काही संबंध नाही.

२. डोळ्यासमोर ठेवायची उदाहरणं

साउथ डकोटामधली होमस्टेक खाण १८७६ ते २००२ चालली, साधारण ४ कोटी औंस सोनं निघालं आणि खाण जवळजवळ अडीच किलोमीटर खोल गेली. तिथे सोनं सारख्या जाडीच्या थरात नव्हतं, खडकाच्या थरांच्या घड्या जिथे वळतात तिथे लांबट खांबासारखं तिरपं खाली उतरत गेलेलं. कॅनडातल्या लुपिन आणि मसलव्हाइट, ब्राझीलमधली कुइयाबा, टांझानियातली गेइता, हे सगळे बीआयएफवालेच. आपल्याकडे कर्नाटकात चित्रदुर्ग पट्ट्यात तुमकूर जिल्ह्यातलं अज्जनहळ्ळी बघा, बीआयएफमधल्या सोन्याचं उदाहरण म्हणून तेच डोळ्यासमोर ठेवा.

कोलारचं उदाहरण मात्र देऊ नका, मुलाखतीत हमखास फसतात पोरं. २००१ मध्ये बंद झालेल्या त्या खाणीचं मुख्य सोनं अॅम्फिबोलाइट नावाच्या वेगळ्याच खडकातल्या क्वार्ट्झच्या शिरांमध्ये होतं. आणि आपल्या साकोली पट्ट्यात, नागपूर जिल्ह्यात परसोडीला सोन्याच्या खुणा आहेत, पण ती गोष्ट शिअर झोनची आहे, म्हणजे खडक एकमेकांवर घासून सरकलेल्या पट्ट्याची. सोनं म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरायचं नाही.

३. कागदं, नाहीतर वनरक्षक गाडी थांबवेल आणि तुम्ही "सर फोन उचलत नाहीत" म्हणत बसाल

खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शोधकाम करताच येत नाही. १९५७ चा कायदा आहे, २०१५ पासून लिलावाची पद्धत आली आणि २०२३ च्या दुरुस्तीत खोलवरच्या २९ खनिजांसाठी एक्स्प्लोरेशन लायसन्स नावाचा वेगळा परवाना आला, त्यात सोनं आहे. "मी नुसता दगड गोळा करतोय" हे उत्तर चालत नाही.

फील्डला जाताना एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे पाहिजेच:

- कंपनीचं किंवा संस्थेचं पत्र, त्यात तुमचं नाव, ब्लॉकचं (शोधासाठी आखून दिलेल्या जागेचं) नाव आणि तारखा
- परवान्याची किंवा मंजुरीची प्रत, ब्लॉकच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश लिहिलेली
- वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी (आपल्याकडे असतेच, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, ताडोबा, कुठे ना कुठे हद्द लागतेच)
- पोलीस ठाण्यात दिलेल्या पत्राची पोच, गडचिरोलीकडे तर याशिवाय पाऊल टाकू नका
- ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच
- आधार, विम्याची प्रत, रक्तगट लिहिलेलं कार्ड

आणि गावात गेल्यावर आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, चहा घ्या, काय करतोय ते नीट सांगा. "सोनं" हा शब्द मात्र जपून वापरा. खोटं बोलायचं नाही, पण "गावाखाली सोनं सापडलं" अशी बातमी संध्याकाळपर्यंत तालुक्याला पोचते आणि दुसऱ्या दिवशी तंबूसमोर अभ्रकाचे चमकणारे तुकडे घेऊन लाइन लागते.

४. घरी बसून होणारं काम घरीच करा

उन्हात जाळायचे दिवस वाचतात. जीएसआयच्या भूकोश पोर्टलवर भूवैज्ञानिक नकाशे आहेत, २०२३ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरीवर जुने रिपोर्ट आणि डेटा मिळतो. जुना रिपोर्ट वाचताना शेवटचा निष्कर्ष सोडून द्या, मागचे तक्ते बघा. "उल्लेखनीय सोनं आढळलं नाही" असं लिहिलेल्या रिपोर्टच्या परिशिष्टात आर्सेनिक (सोन्याचा सोबती, पुढे येतंच) भरपूर दाखवणारे नमुने मी स्वतः पाहिले आहेत.

हवाई चुंबकीय नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं. बीआयएफ त्याच्यावर झगझगीत पट्ट्यासारखा दिसतो, घड्या, तुटलेले भाग सगळं कळतं. त्यात बघायचं काय, तर लख्ख पट्टा मध्येच कुठे फिका पडलाय का. मॅग्नेटाइटचं पायराइट झालं की चुंबकत्व मरतं. पण इथे एक गोची आहे, पायरोटाइट झालं असेल तर ते स्वतः चुंबकीय असू शकतं, मग पट्टा फिका पडतच नाही. म्हणजे फिका भाग दिसला तर नक्की जाऊन बघा, पण दिसला नाही म्हणून ब्लॉक सोडू नका.

५. बॅगेत काय

हातोडा, १० एक्स लेन्स, पेनच्या टोकाचा छोटा चुंबक, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर बाटली, जीपीएस, ब्रंटन (आपलं होकायंत्र), शिवणाची सुई (सोनं दाबलं तर चेपतं, पायराइट चुरा होतो), कापडी नमुना पिशव्या, अॅल्युमिनियमचे टॅग, दोन मार्कर. गॉगल घ्याच, बीआयएफवर हातोडा मारला की कपचा उडतो. शक्य झालं तर ससेप्टिबिलिटी मीटर (दगड किती चुंबकीय आहे ते मोजणारं) मागून घ्या, त्याचं कारण पुढे येतंय. पाणी लागेल वाटतं त्याच्या दुप्पट. मार्चनंतर त्या काळ्या दगडावर हात टेकवत नाही.

६. ब्रंटनवर विश्वास ठेवू नका

ही पायरी मोठी आहे कारण मी इथे तोंडावर आपटलोय.

पहिलाच कॅम्प, पूर्व विदर्भातली एक लोहखडकाची टेकडी. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्ट्राइक (थर कुठल्या दिशेने जातो) आणि डिप (तो किती कलला आहे) घेत गेलो, ऐंशी-नव्वद रीडिंग झाली. रात्री कंदिलाच्या उजेडात नकाशावर मांडली आणि काय सांगू, इतकी सुंदर घडी उभी राहिली, थर वळतोय, परत फिरतोय, मधोमध हिंज, म्हणजे घडीचं वळण. नुकतंच वाचलं होतं की सोनं हिंजमध्ये जातं. झोपच लागली नाही. सकाळी सरांना नकाशा दाखवणार तेवढ्यात सोबतचे काका, जे गावातलेच होते आणि आदल्या दिवशी माझी पिशवी धरून फिरले होते, म्हणाले, "साहेब, काल तुमच्या डब्बीतली सुई तं गरागरा फिरून रायली होती ना बा, बिघडली का काय?"

बिघडली नव्हती. पायाखाली मॅग्नेटाइट होता. थर सरळच जात होता, वळत होती ती सुई. आता गंमत बघा, बीआयएफमधल्या सोन्याच्या शोधात घडी म्हणजे सर्वात महत्त्वाची गोष्ट आणि तुमचं होकायंत्र नेमकी तीच खोटी तयार करून देतं.

तेव्हापासून मी असं करतो:

- कुठल्याही ठिकाणी आधी पुढचं आणि मागचं बेअरिंग घ्या. अ वरून ब बघा, मग ब वर जाऊन अ बघा. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला नाही तर त्या जागेची सुई धरू नका.
- स्ट्राइक सुईने काढू नका. थराच्या रेषेत, साधारण एकाच उंचीवर, ४०-५० मीटर अंतरावर दोन जीपीएस बिंदू घ्या, त्यावरून दिशा काढा. कमी अंतरावर घेतलं तर जीपीएसचीच चूक जास्त होते.
- डिप मात्र ब्रंटनवर बिनधास्त घ्या, त्यातल्या क्लिनोमीटरला (कल मोजणाऱ्या भागाला) चुंबकाशी देणंघेणं नाही.
- मोबाइलमधलं कंपास अॅप पण चुंबकावरच चालतं. "मी ब्रंटन नाही, फोन वापरतो" म्हणणारे दरवर्षी एकदोन भेटतातच.

७. दगडात बघायचं काय

चुंबक दोरीला बांधून पट्ट्यावरून फिरवा. चिकटत चिकटत जातो आणि एकदम सुटतो, तिथे थांबा. तिथे गंजलेला, पोकळ, मधाच्या पोळ्यासारखा भुरा-लालसर दगड असेल तर उत्तम, आधी सल्फाइड (पायराइटसारखं गंधकवालं खनिज) होतं आणि पावसापाण्यात धुवून गेलं, त्याला गॉसन म्हणतात. ताजा तुकडा फोडला आणि लसणासारखा वास आला तर आर्सेनोपायराइट, म्हणजे सोन्याचा जुना सोबती. वास घेत बसू नका मात्र, आर्सेनिक आहे ते, हात धुवूनच डबा उघडा.

पट्ट्यांना आडव्या जाणाऱ्या क्वार्ट्झच्या शिरा आणि त्या शिरांच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेटाइटचा थर पिवळसर सल्फाइडमध्ये बदललेला, असं दिसलं की फोटो काढा, स्केल ठेवून. हेच ते सल्फिडेशन, हाताच्या अंतरावर. बीआयएफ आजूबाजूच्या शिस्ट नावाच्या मऊ, पापुद्र्यांच्या खडकापेक्षा कडक असतो, वाकवताना तो तडकतो, म्हणून पाणी त्याच्यातच शिरतं. घडीचं हिंज आणि शिअर झोन जिथे बीआयएफला कापतो, या दोन जागा आधी तपासा.

नागपूरच्या पोरांसाठी एक खास सूचना. मनसर-रामटेकच्या बाजूला काळे पट्टे असलेला गोंडाइट दिसतो, तो बीआयएफ नाही, मँगनीजवाला आहे. १९०९ मध्ये फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून त्याचं नाव ठेवलं. कॉलेजच्या ट्रिपला आम्ही अर्ध्या वर्गाने वहीत बीआयएफ लिहिलं होतं.

८. माती आणि यंत्रं, थोडक्यात

उघडा दगड नसेल तिथे ग्रिडवर मातीचे नमुने. लॅबला सोन्यासोबत आर्सेनिक मागाच, सोनं कणाकणाने विखुरलेलं असतं, आर्सेनिकचा पसारा मोठा असतो आणि तो सापडतो. हातातल्या एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी दगडातली मूलद्रव्यं मोजणारं) आर्सेनिक वाचा, सोनं वाचू नका. स्क्रीनवर सोन्याचा आकडा आला म्हणून ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याचं पुढे फार वाईट होतं. सल्फाइड शोधायला जमिनीत वीज सोडून आयपी सर्व्हे करतात, पण ग्राफाइटचा शिस्ट पण तसाच सिग्नल देतो, म्हणून आधी जमिनीवर चालून या.

९. सॅम्पलिंग: अंगठी काढा

आता जरा हिशोब. ३० ग्रॅम पूड फायर असेला, म्हणजे भट्टीत वितळवून सोनं मोजायच्या चाचणीला जाते. त्यात ०.२ मिलिमीटरचा सोन्याचा एकच कण जास्त आला तर निकाल साधारण २.७ ग्रॅम प्रति टनाने वर जातो. म्हणजे एका कणाने रिकामा ब्लॉक भारी होतो, आणि तोच कण पिशवीबाहेर राहिला तर भारी ब्लॉक रिकामा. इतवारीच्या सराफ्यात झारेकरी दुकानासमोरची धूळ झाडून, गाळ धुवून सोनं काढतात, ते उगाच नाही, कण कुठे पडलाय हे डोळ्याला दिसतच नाही.

माझा साखरपुडा झाला त्या महिन्यात मी चॅनल सॅम्पलिंग (खडकात खाच मारून नमुना घेणं) करत होतो, छिन्नी डाव्या हातात आणि त्याच हातात अंगठी. तीन नमुने अचानक वर आले, आजूबाजूला काहीच नाही. ड्रिलिंगची जागा ठरायला आली होती. सरांनी फक्त माझ्या हाताकडे पाहिलं. परत जाऊन त्याच खाचेच्या शेजारी दुसरी खाच मारून नमुने घेतले, तिन्ही रिकामे. तो आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. अंगठी, चेन, कडं, सगळं कॅम्पला ठेवून जायचं, मजुरांचं पण, आणि हे आधीच नम्रपणे सांगायचं. लग्नाची अंगठी काढायला लावली म्हणून कोणाला राग येऊ शकतो.

बाकीचे नियम:

- दर वीसेक नमुन्यांत एक ब्लँक (सोनं नसलेला), एक स्टँडर्ड (सोनं किती ते आधीच माहीत असलेला), एक डुप्लिकेट घाला. भारी नमुन्याच्या लगेच मागे ब्लँक ठेवा, लॅबचं क्रशर नीट साफ झालंय का ते तिथेच कळतं.
- पिशवीवर नंबर, आत टॅगवर नंबर, वहीत नंबर. जागेचं नाव पिशवीवर लिहू नका.
- नुसते चमकणारे दगड उचलायचे नाहीत. पट्ट्याच्या आतलं, कडेचं आणि बाहेरचं, तिन्ही घ्या, नाहीतर सोनं कुठे संपतं ते कधीच कळत नाही.
- लॅबला फॉर्मवर लिहून द्या की नमुन्यात सल्फाइड आणि आर्सेनिक जास्त आहे. भट्टीत ते त्रास देतं, त्यांना मिश्रण बदलावं लागतं. लिहिलं नाही तर आकडा कमी येतो आणि दोष मात्र खडकाला.
- डोळ्याला दिसणारं सोनं असेल तर स्क्रीन फायर असे (पूड चाळून जाड कण वेगळे मोजणारी चाचणी) मागा, महाग पडतं पण भांडण मिटतं.

१०. ड्रिलिंगवर उभं राहायची वेळ आली तर

भोक सरळ खाली मारत नाहीत, थराला शक्य तितकं काटकोनात जावं म्हणून तिरपं मारतात. आणि इथे परत तोच भामटा भेटतो. भोक किती वळलं ते मोजायला चुंबकीय सर्व्हे टूल वापरलं तर मॅग्नेटाइटच्या थरात ते खुशाल खोटी दिशा सांगतं. जायरो मागा, ते चुंबकावर चालत नाही. ड्रिलिंगवाले "काही होत नाही सर, सगळीकडे हेच वापरतो" म्हणतील, तरी मागा. शंभर मीटरवर दहा अंश चुकलं तर तुमचा सोन्याचा खांब कागदावर शेजारच्या शेतात जातो.

कोअर (भोकातून निघालेला दगडाचा दांडा) आला की आधी जुळवा, धुवा, फोटो, मग लॉगिंग, म्हणजे खडकाची नोंद. दर अर्ध्या मीटरला ससेप्टिबिलिटी मीटर लावा, आकडा जिथे धपकन पडतो तिथे खडूने खूण करा आणि लेन्स काढा. अर्धा कापायचा, अर्धा बॉक्समध्ये ठेवायचा, आणि नेहमी एकाच बाजूचा अर्धा लॅबला पाठवायचा, सुंदर दिसणारा नाही. नमुन्याची लांबी साधारण एक मीटर, पण खडक बदलतो तिथे तोडायची, सल्फाइडचा पट्टा आणि शेजारचा शिस्ट एकाच पिशवीत घातला तर दोघांचीही वाट.

११. निकाल आल्यावर

सगळ्यात आधी सोन्याचा कॉलम झाका. खरंच झाका, एक्सेलमध्ये लपवा. ब्लँक आणि स्टँडर्ड बघा, ते चुकले असतील तर पूर्ण बॅच परत पाठवा, मग बाकीचं उघडा. एक ग्रॅम प्रति टन म्हणजे एक पीपीएम, मातीचे निकाल पीपीबीत (पीपीएमचा हजारावा भाग) येतात, तिथे हजाराने गडबड करणारा मी पहिला नव्हतो आणि शेवटचाही नसेन.

मग आकडे सेक्शनवर (जमिनीच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) मांडा आणि जिथे चांगलं लागलं तिथून पुढचं भोक सरळ बाजूला टाकायची घाई करू नका. आधी घडीचा आस कुठल्या दिशेने खाली उतरतोय ते काढा, तुमच्या जीपीएसवाल्या स्ट्राइकवरून, आणि त्या उताराच्या दिशेने पुढची जागा ठेवा. बीआयएफमधलं सोनं बऱ्याचदा तसंच लांबट उतरतं. सरकारी रिपोर्टमध्ये हे सगळं जी-फोर, जी-थ्री, जी-टू, जी-वन अशा टप्प्यांत लिहावं लागतं, जी-फोर म्हणजे नुसती टेहळणी आणि जी-वन म्हणजे सविस्तर शोध, त्या रिपोर्टचा साचा सिनिअरकडून आधीच मागून ठेवा.

आणि उरलेल्या अर्ध्या कोअरच्या बॉक्सवर झाकणावर आणि बाजूला, दोन्हीकडे नंबर टाका. पहिल्या पावसाळ्यात झाकणं अदलाबदल होतातच.